ड्युअल क्रेडिट घेतलं तर कॉलेजची दोन वर्षं खरंच वाचतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब डॅलसजवळ फ्रिस्कोत राहतं, मुलगी नववीत आहे, पुढे कम्प्युटर सायन्स करायचं डोक्यात आहे. शाळेकडून ड्युअल क्रेडिट (शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेणं) आणि अर्ली कॉलेजची माहिती आली. बारावी होता होता कॉलेजची ६० क्रेडिट हातात येत असतील तर दोन वर्षं आणि दोन वर्षांची फी वाचणार का? की ओळखीतले सगळे सांगतात तसं एपीच (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट: शाळेतच शिकवलेले कॉलेज पातळीचे विषय, शेवटी देशभर एकच परीक्षा) घ्यावं? शिवाय घरचे एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या अवलंबितांच्या व्हिसावर) आहेत, त्यामुळे कुठे अडेल का?

पैसे वाचतात. दोन वर्षं बहुधा वाचत नाहीत. तरीही ड्युअल क्रेडिट घ्यावं, फक्त ६० चा आकडा गाठायच्या मागे लागू नये. मुलीनं एकूण किती क्रेडिट जमवली यावर पदवी लवकर मिळत नाही. त्यातली किती तिच्या पदवीच्या आराखड्यातल्या नेमक्या रकान्यांत बसली, यावर मिळते. पुढचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवतीच आहे.

माहितीपत्रकात सगळं एका दमात लिहिलेलं असतं, म्हणून आधी प्रकार वेगळे करू. अर्ली कॉलेज हायस्कूल ही कॉलेजशी जोडलेली शाळाच असते. नववी ते बारावीचा अभ्यासक्रम असा आखलेला असतो की शाळेच्या डिप्लोमाबरोबर ६० क्रेडिटपर्यंत, म्हणजे असोसिएट डिग्रीपर्यंत (दोन वर्षांच्या कॉलेज पदवीपर्यंत) जाता येतं. टेक्सासमध्ये या शाळांना टेक्सास एज्युकेशन एजन्सीची मान्यता लागते, आणि मुलांकडून फी किंवा पुस्तकांचे पैसे घेतले जात नाहीत. प्रवेश मुख्यतः नववीच्या सुरुवातीला होतो, बहुतेक ठिकाणी सोडत काढून. तुमची मुलगी नववीत बसलेली आहे, त्यामुळे हे दार जवळपास मिटलं आहे. त्याची हळहळ करू नका. का ते पुढे येईलच.

ड्युअल क्रेडिटमध्ये मूल आपल्या नेहमीच्या शाळेतच राहतं आणि एकेक विषय कॉलेजचा घेतं. तुमच्या भागात हे कॉलेज म्हणजे सहसा कॉलिन कॉलेज, थोडं दक्षिणेला गेलं की डॅलस कॉलेज. तास कधी शाळेतच होतो, कॉलेजनं मान्य केलेल्या शिक्षकाकडून. कधी कॉलेजच्या आवारात, कधी ऑनलाइन. एकच विषय शाळेच्या गुणपत्रकावरही चढतो आणि कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरही. २०१५ पासून टेक्सासच्या कायद्यात किती विषय घ्यावेत किंवा कितवीपासून घ्यावेत याला राज्याची मर्यादा नाही. त्यामुळेच नववी-दहावीच्या पालकांनाही ही पत्रकं यायला लागली.

तिसरा प्रकार तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे: डेंटनला युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासमध्ये चालणारी टेक्सास अकॅडमी ऑफ मॅथेमॅटिक्स अँड सायन्स, सगळे टॅम्स म्हणतात ती. दहावीत अर्ज करायचा, अकरावी-बारावी तिथल्या वसतिगृहात राहून थेट विद्यापीठाचे वर्ग करायचे. राहण्या-जेवण्याचा खर्च असतो. गणित-विज्ञानात खरोखर पुढे असलेल्या आणि घराबाहेर राहायची तयारी असलेल्या मुलांसाठी हा पर्याय उत्तम. पण सोळाव्या वर्षी स्वतःचे कपडे धुणं, वेळेवर झोपणं आणि कॅल्क्युलस-आधारित फिजिक्स हे तिन्ही एकदम सुरू होतं, हे मुलीला आधी सांगा.

आता फायद्यांबद्दल ठोस काय माहीत आहे ते. अर्ली कॉलेजच्या कल्पनेला दोन मुळं आहेत. १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एलिझाबेथ ब्लॉजेट हॉल यांनी सायमन्स रॉक हे कॉलेज सुरू केलं. शाळेत कंटाळलेल्या, पुढे जायला आसुसलेल्या मुलांना लवकर कॉलेजात घ्यावं हा त्यामागचा विचार. दुसरं मूळ न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजातलं, १९७४ चं मिडल कॉलेज हायस्कूल. ते होतं शाळा सोडून जाण्याच्या काठावर असलेल्या मुलांसाठी. २००२ मध्ये गेट्स फाउंडेशन आणि इतर संस्थांच्या पैशातून अर्ली कॉलेज शाळा देशभर निघाल्या त्या या दुसऱ्या वळणाच्या. घरात आधी कोणी कॉलेजात न गेलेल्या, कमी उत्पन्नाच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून.

अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्चनं २०१३ मध्ये या शाळांचा चांगला अभ्यास केला. प्रवेश सोडतीनं होत असल्यामुळे सोडत लागलेली आणि न लागलेली मुलं अशी सरळ तुलना करता आली. शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ८६ विरुद्ध ८१ टक्के, कॉलेजात नाव घालणाऱ्यांचं ८० विरुद्ध ७१ टक्के, आणि तोवर कुठली तरी कॉलेज पदवी मिळालेल्यांचं २२ विरुद्ध २ टक्के. पुढे त्याच मुलांचा मागोवा घेतला तेव्हा फरक टिकून होता, पण चार वर्षांच्या पदवीपुरता तो आटला: सुमारे ३० विरुद्ध २५ टक्के. म्हणजे मोठी उडी असोसिएट डिग्रीत आहे.

हे आकडे तुमच्या घराला जसेच्या तसे लावू नका. ज्या घरात आई-वडील दोघंही इंजिनियर आहेत आणि मुलगी कॉलेजात जाणार की नाही हा प्रश्नच नाही, तिथे «कॉलेजात पोचणं» हा फायदा आधीच खिशात आहे. तुमच्या मुलीला मिळू शकणारे फायदे वेगळे आहेत: काही क्रेडिट स्वस्तात, पहिल्या वर्षाचा भार हलका, आणि प्राध्यापकाला ईमेल लिहिण्यापासून वीस पानांचा सिलॅबस वाचून स्वतःचं वेळापत्रक लावण्यापर्यंतची सवय. हा शेवटचा फायदा पालक फारसा मोजत नाहीत. माझ्या मते तोच सगळ्यात टिकाऊ.

दोन वर्षं का वाचत नाहीत ते कम्प्युटर सायन्सच्याच उदाहरणानं बघा. चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची. साध्या हिशेबानं ६० आली की अर्धी झाली. पण पदवी विषयांच्या साखळ्यांनी बांधलेली असते. यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला) कम्प्युटर सायन्सचा, म्हणजे सीएसचा, ३१२ क्रमांकाचा विषय झाल्यावर ३१४, त्यानंतर ४२९, त्यानंतर ४३९. एक झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, म्हणजे एवढ्यालाच चार सेमिस्टर, आणि वरचे निवडीचे विषय त्यानंतर. मुलगी ६० क्रेडिट घेऊन आली तरी सहसा या साखळीच्या पहिल्या-दुसऱ्या कडीपासूनच सुरुवात करते. तिच्याकडे इंग्रजी, इतिहास, मानसशास्त्र, कला असं सगळं झालेलं असतं. उरतात ते फक्त अवघड विषय, तेही एकाच वेळी तीन-चार. पहिल्याच सेमिस्टरला गणित, सीएस आणि विज्ञान, हलका विषय एकही नाही. साठ क्रेडिटची असोसिएट डिग्री घेऊन आलेल्या हुशार मुलांचाही जीपीए (ग्रेडची सरासरी) पहिल्या वर्षी घसरतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे. बिझनेस, मानसशास्त्र, राज्यशास्त्र यांत साखळ्या छोट्या असतात. तिथे खरोखर एक ते दीड वर्ष वाचू शकतं. इंजिनियरिंग आणि सीएसमध्ये एक सेमिस्टर वाचलं तरी समाधान माना.

मग कुठली क्रेडिट हमखास कामाची? टेक्सासमध्ये याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचा सामाईक कोअर (सगळ्या शाखांना करावे लागणारे सामान्य विषय) ४२ क्रेडिटचा आहे आणि तो एका सरकारी संस्थेतून दुसरीकडे चालतो. त्यातही अमेरिकन इतिहासाची ६ आणि शासनव्यवस्थेची ६ क्रेडिट कायद्यानं प्रत्येक सरकारी विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीला लागतात, मग ती नर्सिंगची असो की सीएसची. म्हणजे हिस्टरी १३०१ व १३०२ आणि गव्हर्नमेंट २३०५ व २३०६ ही १२ क्रेडिट वाया जाण्याची शक्यता जवळपास शून्य. त्यांना इंग्लिश १३०१ आणि १३०२ जोडा, झाली १८. इकॉनॉमिक्स २३०१ धरून २१, आणि क्रिएटिव्ह आर्ट्समधला एखादा विषय धरून २४. तुमच्या मुलीसाठी मी इथेच थांबेन.

हे विषय शाळेच्या गरजाही भागवतात. अकरावीचा अमेरिकन इतिहास, बारावीचं गव्हर्नमेंट आणि इकॉनॉमिक्स, अकरावी-बारावीचं इंग्रजी, हे तिला शाळेत करायचंच आहे. एका दगडात दोन पक्षी मारायचे ते इथे.

विषयाचा क्रमांक वाचायला शिका. तुमच्या पुढच्या निम्म्या शंका तिथेच मिटतील. टेक्सासच्या सामाईक क्रमांकपद्धतीत पहिला आकडा वर्ष सांगतो आणि दुसरा क्रेडिट. इंग्लिश १३०१ म्हणजे पहिल्या वर्षाचा, ३ क्रेडिटचा विषय. मॅथ २४१३ म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या पातळीचा, ४ क्रेडिटचा. हाच कॅल्क्युलस १. आता मॅथ १३१४ बघा: कॉलेज अल्जिब्रा. शाळेचे काउन्सेलर हा विषय सर्रास सुचवतात, कारण कोअरमधली गणिताची अट तो भागवतो. पण सीएस किंवा इंजिनियरिंगची पदवी कॅल्क्युलसपासूनच सुरू होते, त्यामुळे तिथे तो मोकळ्या इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) जाऊन पडतो, आणि या शाखांत मोकळी जागा फार थोडी असते. फिजिक्सचंही तसंच. १४०१ हे बीजगणितावर चालणारं, २४२५ हे कॅल्क्युलसवर चालणारं. इंजिनियरिंगला दुसरं लागतं. मूल वर्षभर १४०१-१४०२ करतं, ए मिळवतं, आणि विद्यापीठात गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून फिजिक्स. क्रेडिट «ट्रान्सफर झालं» असं कागदावर दिसतं आणि उपयोग काहीच होत नाही. म्हणून कॉलेजला «हे ट्रान्सफर होतं का» असं विचारू नका, उत्तर नेहमी होच येतं. ज्या दोन-तीन विद्यापीठांवर डोळा आहे त्यांच्या वेबसाइटवर ट्रान्सफर समतुल्यतेचा शोध असतो, तिथे क्रमांक टाका, आणि शेजारी त्या शाखेचा चार वर्षांचा आराखडा उघडून तो विषय त्यात नावानिशी दिसतो का ते पाहा.

एपीच्या बाजूनं बोलणारे लोक चुकीचे नाहीत. फक्त दोन्हींच्या जागा वेगळ्या आहेत. एपीची परीक्षा मे महिन्यात एकदाच, गुण १ ते ५, आणि देशभर सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो. टेक्सासची सरकारी विद्यापीठं बऱ्याच विषयांत ३ पासून क्रेडिट देतात, मागणीच्या शाखांत ४ किंवा ५ मागतात. टेक्सासबाहेर, विशेषतः नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत जायचं असेल तर ड्युअल क्रेडिटची बरीच क्रेडिट तिथे दारातच गळतात. शाळेच्या वर्गात शिकवलेला किंवा शाळेच्या डिप्लोमासाठी वापरलेला विषय आम्ही धरत नाही, असा नियम अनेक खासगी विद्यापीठांचा असतो. अर्ज वाचणाऱ्यांनाही एपी कॅल्क्युलस बीसीतला ५ लगेच समजतो. अनोळखी कॉलेजातल्या कॅल्क्युलसच्या ए ची खोली त्यांना जोखता येत नाही. म्हणून सीएसला जाणाऱ्या मुलीनं कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी आणि कम्प्युटर सायन्स ए हे एपीतून करावं, आणि लिहिण्या-वाचण्याचे कोअर विषय ड्युअल क्रेडिटमधून. दोन्ही एकाच विषयात करायचा अट्टहास नको.

या दोन्हींत एक फरक असा आहे जो कोणी आधी सांगत नाही. एपीत २ मिळाला तर तो विद्यापीठाला कळवायची सक्ती नसते. मिळालेलं क्रेडिट न घेता विषय पुन्हा करायची मोकळीकही बहुतेक ठिकाणी असते. ड्युअल क्रेडिटमधला सी कायमचा. सोळाव्या वर्षी मिळालेली ती ग्रेड मुलीच्या पहिल्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर असते, आणि पुढे प्रत्येक अर्जात ते ट्रान्सक्रिप्ट जोडावं लागतं. मेडिकलचा विचार असलेल्या घरांनी तर हे वाक्य दोनदा वाचावं. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाच्या देशपातळीवरची एएमसीएएस आणि टेक्सासची टीएमडीएसएएस या दोन्ही अर्जव्यवस्था शाळेत असताना केलेले कॉलेजचे विषयही मागतात आणि जीपीएत धरतात. बायोलॉजी आणि केमिस्ट्री ड्युअल क्रेडिटमधून उरकून टाकू, असं डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलानं करू नये. अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांसाठी आणखी एक: पुढे सरकारी आर्थिक मदत घेताना समाधानकारक प्रगतीचा हिशेब लावतात तेव्हा या जुन्या ग्रेड आणि सोडलेले विषयही त्यात येऊ शकतात.

रँकचा, म्हणजे शाळेतल्या आपल्या वर्षाच्या मुलांमधल्या क्रमांकाचा, मुद्दा टेक्सासमध्ये टाळता येत नाही. वरच्या १० टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश हा १९९७ चा कायदा. यूटी ऑस्टिनला मात्र ही रेषा वर सरकत सरकत २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्क्यांवर आली आहे. तोही प्रवेश विद्यापीठात असतो, सीएसमध्ये नव्हे. रँक लागते भारित जीपीएवर (अवघड विषयांना जास्त वजन देऊन काढलेल्या सरासरीवर), आणि ड्युअल क्रेडिटला एपीइतकंच वजन द्यायचं की थोडं कमी, हे प्रत्येक शाळा-जिल्हा ठरवतो. वजन कमी असेल तर इतिहासात ड्युअल क्रेडिटचा ए मिळवूनही मुलगी एपीवाल्या मैत्रिणीच्या मागे राहते. जिल्ह्याच्या कोर्स कॅटलॉगमध्ये हे कोष्टक छापलेलं असतं. ते पाहिल्याशिवाय एकही फॉर्म भरू नका.

आता कागदपत्रं, कारण घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. शाळेच्या काउन्सेलरची आणि पालकाची सही असलेला परवानगीचा फॉर्म, कॉलेजचा प्रवेश अर्ज, आणि टीएसआयए२ ही पात्रता परीक्षा. गणितात ९५० आणि इंग्रजी वाचन-लेखनात ९४५ व निबंधात किमान ५ हे उत्तीर्णतेचे आकडे. त्याखाली गेलं तर पुढच्या निदान चाचणीतून वाट असते. एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत गणित ५३० आणि इंग्रजी ४८० असतील तर त्या-त्या भागातून सूट मिळते. गणितात मुलं अडत नाहीत. अडतात निबंधात, कारण शाळेत शिकवलेला पाच परिच्छेदांचा साचा भरून मोकळी होतात आणि मुद्दा एकच राहतो. आधी दोन-तीन निबंध घड्याळ लावून लिहवून घ्या.

सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे मेनिंजायटिसची लस. कॉलेजच्या आवारात तास असेल तर टेक्सासच्या कायद्यानुसार २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याला ती लागते: गेल्या पाच वर्षांतली, आणि तास सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली. बहुतेक मुलांनी सातवीत जाताना, अकराव्या-बाराव्या वर्षी हीच लस घेतलेली असते. पालक तोच कागद जोडतात, आणि अकरावीच्या ऑगस्टपर्यंत त्याची पाच वर्षं उलटलेली किंवा उलटायला आलेली असतात. नोंदणीवर अडथळा लागतो, तोवर चांगल्या वेळेचे वर्ग भरून जातात. सोळाव्या वर्षीचा बूस्टर तसाही द्यायचाच असतो. तो जून-जुलैत देऊन टाका. सगळे तास शाळेच्या इमारतीत असतील तर ही अट सहसा लागू होत नाही.

फी तुम्ही कुठल्या कॉलेज-जिल्ह्यात राहता त्यावर ठरते. शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्या मुलांना २०२३ च्या कायद्यानं आलेल्या फास्ट योजनेत, सहभागी कॉलेजांत ड्युअल क्रेडिट फुकट आहे. इतरांना पैसे भरावे लागतात, तरी विद्यापीठाच्या तुलनेत ते फारच कमी. मुदतीत पैसे नाही भरले तर नाव आपोआप कटतं, आणि त्याचं पत्र मुलीच्या कॉलेजच्या ईमेलवर येतं. तो ईमेल मुलं उघडत नाहीत. फोनवर सुरू करून द्या.

वेळेचा हिशेब असा. ३ क्रेडिटचा विषय म्हणजे सोळा आठवडे, दर आठवड्याला ३ तास वर्ग आणि साधारण ६ तास घरी. एकूण ९. दोन विषय घेतले की १८, त्यावर एपीचे तीन वर्ग, ऑर्केस्ट्रा, टेनिस आणि रविवारची मराठी शाळा. अकरावीच्या पहिल्या सेमिस्टरला दोनच विषय ठेवा. आणि उन्हाळ्याच्या मोहात सावध राहा. तोच विषय पाच आठवड्यांत बसवला की आठवड्याला २९ तास होतात. «भारतात जाऊ तेव्हा ऑनलाइन करेल» हा बेत तर आखूच नका. टेक्सासची रात्री ११.५९ ची मुदत म्हणजे पुण्यात सकाळचे १०.२९, घरात पाहुणे, मावशीकडे जेवण, आणि देखरेखीखालच्या परीक्षेला कॅमेऱ्यासमोर बंद खोली हवी.

सेमिस्टर सुरू झाल्यावर एक तारीख कॅलेंडरवर लाल करा: बारावा वर्गदिवस, साधारण सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. त्याआधी विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. नंतर सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉन, म्हणजे विषय सोडल्याची खूण) लागतो. जीपीए बिघडत नाही, पण दिसतो. त्यासाठीही शेवटची तारीख असते, आणि ती गेली की जी ग्रेड येईल ती घ्यायची. एकच डब्ल्यू असेल तर त्यानं कोणाचं नुकसान होत नाही, सी पेक्षा तो केव्हाही बरा. मात्र सोडायच्या आधी शाळेशी बोला. बारावीचं गव्हर्नमेंट मध्येच सोडलं तर शाळेच्या डिप्लोमाचीच अट अपुरी राहते, आणि मग जानेवारीत धावपळ.

पहिल्या चार आठवड्यांत काय बिघडतं तेही सांगतो. शाळेत गृहपाठ उशिरा दिला तर थोडे गुण कापून घेतात, चाचणी पुन्हा देता येते. कॉलेजात मुदत टळली की पोर्टल बंद आणि शून्य. ग्रेडला तीन-चारच परीक्षा असतात, त्यामुळे एक घसरली की सावरायला जागा कमी. आणि तुम्ही प्राध्यापकाला फोन करू शकत नाही. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क वय कितीही असलं तरी विद्यार्थ्याचा असतो. शाळेकडे पोचलेली ग्रेड तुम्हाला शाळेतून दिसेल, कॉलेज मात्र सहसा तुमच्याशी बोलणार नाही. आपल्याकडच्या पालकांना हे जड जातं. मुलीलाच ईमेल लिहायला लावा, तुम्ही फक्त वाचून द्या. शिकण्यासाठी खास सोयी मिळणाऱ्या मुलांचंही तसंच: शाळेचं आयईपी (त्या मुलासाठी आखलेली विशेष शिक्षणाची योजना) कॉलेजात चालत नाही, कॉलेजच्या अपंगत्व-सेवा कार्यालयात मुलानं स्वतः वेगळा अर्ज करावा लागतो.

एच-४ मुळे ड्युअल क्रेडिटला अडथळा येत नाही. शिकायची मुभा आहे, सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ती जागा रिकामी ठेवून अर्ज करता येतो. पुढे विद्यापीठात टेक्सासची रहिवासी फीसुद्धा एच-४ वरच्या मुलांना मिळू शकते, राज्यातल्या वास्तव्याचे कागद नीट असले की. अडतं ते पैसे मिळणाऱ्या कामाशी: पगारी इंटर्नशिप जोडलेला कार्यक्रम असेल तर कामाच्या परवान्याशिवाय ती घेता येणार नाही. केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्जही नाही. आणि लवकर पदवी घेण्याच्या नादात एक गोष्ट निसटते. एच-४ एकविसाव्या वाढदिवसाला संपतो, पण पदवीनंतर ओपीटीवर (परदेशी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर) काम करायचं तर त्या वेळी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, दर्जा हातात असावा लागतो. मुलगी साडेवीस वर्षांची असताना पदवीधर झाली आणि तोवर एच-४ वरच राहिली तर ओपीटी नाही. दर्जा कधी बदलायचा हे पदवीच्या तारखेवरून मागे मोजत वकिलाबरोबर ठरवा, निदान वर्षभर आधी.

बारावीनंतरची एक पायरी राहते. शाळेचं अंतिम ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाला गेलं म्हणजे क्रेडिट गेली असं नसतं. कॉलेजकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट वेगळं मागवावं लागतं, आणि दोन कॉलेजांत विषय केले असतील तर दोन्हींकडून. मेच्या मध्यानंतर शेवटच्या ग्रेड चढल्या याची खात्री करून मगच मागवा. जूनमधल्या ओरिएंटेशनला हे पोचलेलं नसेल तर सल्लागाराच्या पडद्यावर मुलगी कोरी दिसते आणि इंग्लिश १३०१ च्याच वर्गात पुन्हा जाऊन बसते. पोचलेलं असेल तर २४ क्रेडिटचा उपयोग तिथेच सुरू होतो. बऱ्याच विद्यापीठांत नोंदणीचा क्रम क्रेडिटवर लागतो, त्यामुळे तिला हवा तो वर्ग आधी मिळतो, आणि पहिलं सेमिस्टर १५ ऐवजी १२-१३ क्रेडिटचं ठेवून सीएस व कॅल्क्युलसला वेळ देता येतो.

या वर्षी, नववीत, काहीच घेऊ नका. दहावीच्या जानेवारीत पुढच्या वर्षाचे विषय निवडायची वेळ येईल. त्याआधी काउन्सेलरला तीन गोष्टी विचारा: ड्युअल क्रेडिटला जीपीएत वजन किती, हिस्टरी १३०१ शाळेत शिकवतात की आवारात, आणि शिकवतं कोण. त्याच हिवाळ्यात टीएसआयए२ देऊन टाका. टॅम्सचा विचार असेल तर त्याचा अर्जही दहावीतच करायचा आहे, म्हणून एसएटीची तयारी येत्या उन्हाळ्यात सुरू करावी लागेल.